गुरुवारची गोळी

जानेफळच्या शरयू मेडिकलमध्ये खोकल्याच्या औषधापासून बाळाच्या दुपट्यापर्यंत सगळं मिळायचं. फक्त बोलणी मिळत नसत. हा मंजुश्रीताईंचा नियम होता. दुकान नवं होतं तेव्हा त्यांनी एका माणसाला गोळ्या मधेच सोडल्याबद्दल चारचौघांत फैलावर घेतलं होतं. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी सरळ सांगितलं, "घेतो ना मॅडम, रोज घेतो." तो घेत नव्हता. त्यावरून ताईंनी धडा घेतला. रागावणाऱ्या माणसाकडून लोक औषध घेतात, पण त्याला खरं सांगत नाहीत. आणि खरं कळल्यावाचून औषध देणं म्हणजे डोळे मिटून सुईत दोरा ओवणं.

म्हणून कुणी मोबाईलवर रिकाम्या पाकिटाचा फोटो दाखवून "हेच द्या, भाच्याले गुण आला होता" म्हटलं, कुणी पाच दिवसांच्या औषधातल्या दोनच गोळ्या मागितल्या, कुणी "ती मागची लाल गोळी" एवढ्या खुणेवर हटून बसलं, तरी ताईंचा आवाज चढत नसे. त्या विचारत. कोणासाठी, कधीपासून, आणखी काय चालू आहे, सकाळी काय खाल्लं. एकदा रंगराव वैतागून म्हणाले, "मॅडम, गोळी घ्यायले आलो मी, सोयरीक जमवाले नाई."

"सोयरीक जमवताना तरी तुम्ही एवढी चौकशी केली होती का, ते काकूंना विचारते," ताई म्हणाल्या.

रंगराव हसले आणि जाताना आपण बीपीची गोळी एक दिवसाआड घेतो, हेही कबूल करून गेले.

त्या वर्षी मार्गशीर्ष नुकता लागला होता. सकाळची गर्दी ओसरली होती आणि ताई मुदत संपत आलेली औषधं वेगळी काढत होत्या. तेवढ्यात वच्छलाबाई आल्या. बाई गावातल्याच, साठीच्या, अंगाने सुपारीएवढ्या आणि जिभेने गोड. दोन वर्षांपूर्वी त्यांची बोटं संधिवाताने अशी आखडली होती, की सकाळचा चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यावा लागे. अकोल्याच्या डॉक्टरांनी निदान केलं आणि आठवड्यातून एकदाच घ्यायची एक पिवळी गोळी सुरू केली. ती गोळी पहिल्यांदा देताना ताईंनी वच्छलाबाईंना आत स्टुलावर बसवून घेतलं होतं. आठवड्यातून एकच. दिवस ठरवून घ्या. बाईंनी गुरुवार ठरवला, महाराजांचा वार म्हणून. चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. रक्त तपासत राहायचं. तोंड आलं, ताप आला तर गोळी थांबवून आधी मला सांगायचं. हे सगळं ताईंनी त्यांच्याकडून उलट वदवून घेतलं होतं. पुढे बोटं हळूहळू उघडली. बाई भाकरी थापायला लागल्या, आणि पहिली भाकरी कागदात गुंडाळून दुकानात घेऊन आल्या होत्या.

"गुरुवारची गोळी द्या," वच्छलाबाई म्हणाल्या.

ताईंचा हात खणाकडे गेला आणि थांबला. दिवाळीत नेलेलं पाकीट संक्रांतीपर्यंत पुरायला हवं होतं.

"मागचं संपलं?"

"संपलं."

"इतक्यात कसं संपेल? आठवड्याला एकच घेता ना?"

"एकच घेते. सांडल्या काही."

"कुठे सांडल्या?"

"चुलीपाशी."

"मग वेचल्या असतील."

"उंदरानं नेल्या बाप्पा."

"उंदराची बोटं आखडली होती का?" ताई म्हणाल्या. वच्छलाबाई हसल्या नाहीत. एरवी त्या ताईंच्या थट्टेला आधी हसायच्या आणि मग समजून घ्यायच्या.

ताईंनी काउंटरची फळी उचलली. "आत या. इथे बसा. आ करा."

त्यांनी बॅटरी लावून जीभ पाहिली, गालांची आतली बाजू पाहिली, हिरड्या पाहिल्या. तोंड स्वच्छ होतं. जेवण जातं का, कणकण वाटते का, अंगावर कुठे काळंनिळं पडलंय का, सगळं विचारून झालं. बाई ठणठणीत होत्या. म्हणजे जास्तीच्या गोळ्या त्यांच्या पोटात गेल्या नव्हत्या. ताईंना सुटल्यासारखं वाटलं, पण घडीभरच. गोळ्या गेल्या तर होत्याच.

त्यांनी बॅटरी बंद केली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "वच्छलाबाई, तोंड कोणाचं आलंय?"

बाईंचा चेहरा उतरला. "तुमाले कोनं सांगतलं?"

"कोणी नाही. तुम्ही सांगा."

वच्छलाबाईंची मुलगी पुष्पांजली पिंपळगाव राजाला दिली होती. जावई देवेश दहा-बारा दिवसांपूर्वी मेहकरचं काम आटोपून परत जाताना सासूबाईंकडे चहाला थांबला होता. आता जावई रिकाम्या हाताने कसा धाडायचा? शेतातल्या तुरीच्या शेंगा भरल्या होत्या, त्या दिल्या. सीताफळं दिली. आवळ्याचं लोणचं दिलं. वानवळ्याची थैली बांधता बांधता बाईंना विहिणीचे गुडघे आठवले.

"विहीणबाईचे गुडघे धरून राह्यले. खाली बसता येत नाई, देवापुढं खुर्ची टाकून बसतात," वच्छलाबाई सांगत होत्या. "मले एवढा गुण आला, मंग त्याहिले काऊन नाई येनार? आपल्याजवळ चांगलं हाये ते चार जनाले द्याव. म्या सहा गोळ्या डबीत टाकून देल्या."

"गुरुवारी एक, असं सांगून दिल्या ना?"

वच्छलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांना हे जमलं नसतं.

"विहीण हाये ती बाई," त्या शेवटी म्हणाल्या. "सहाच गोळ्या, अन् वरून म्हनाव का आठवड्याले एक घेजा? मापून देल्यावानी दिसते. म्या म्हटलं, रोज एक घेजा, संपल्या की अजून धाडते. मंग परवा पुष्पाचा फोन आला, सासूबाईच्या गोळ्या संपल्या म्हने. गुडघ्याले जरासं हलकं वाटलं, पन उष्नता झाली, तोंड आलं. म्या म्हटलं, आनते अजून."

मंजुश्रीताईंनी दोन्ही हात काउंटरच्या काचेवर सपाट ठेवले. आठवड्यातून एकदा घेतली तर ही गोळी सांध्यांची सूज आवरते. रोज घेतली तर शरीरात नवं रक्त बनणंच थांबवत जाते. आधी तोंड सोलतं, मग ताप येतो, आणि त्यानंतर साधा सर्दीखोकलाही माणसाला आवरत नाही. विहीणबाईंनी सहा दिवस रोज एक घेतली होती.

आपण काय काय सांगितलं होतं, ते त्यांनी मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. वार, चुकलेली गोळी, रक्त, ताप. सगळं वच्छलाबाईंना, वच्छलाबाईंपुरतं. दुसऱ्या कुणाला देऊ नका, एवढं एक वाक्य त्यात नव्हतं. ते सुचलंच नव्हतं. जिथे नवं लोणचं आधी चार घरी जातं आणि मग आपल्या ताटात येतं, तिथे गुण आलेलं औषध एकटीने खात बसणं, हेच खरं तर माणसाला जड जायचं. इतकी वर्षं याच लोकांत राहून आपल्याला हे कळू नये, याचं त्यांना नवल वाटलं.

"पुष्पांजलीला फोन लावा," त्या म्हणाल्या.

फोनवर पुष्पांजलीचा आवाज दबका होता. सासूबाईंना काल संध्याकाळपासून ताप होता. ओठ सुजले होते, पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. ज्येष्ठमध झालं, तूप लावून झालं. दवाखान्याचं नाव काढलं की त्या म्हणत, तोंड आलं म्हणून कोणी गाडी करून दवाखान्यात जाते का? देवेश दुकानावर होता. त्याचं कृषी केंद्र होतं, आणि हरभऱ्याच्या पेरण्यांची घाई असल्याने तो फोन उचलत नव्हता.

"आता कुठलीही गोळी द्यायची नाही, तापाचीसुद्धा नाही," ताई म्हणाल्या. "घोट घोट पाणी पाजत राहा. मिस्टरांना निरोप पाठवून घरी बोलावून घ्या. मी निघतेय."

फोन ठेवला तेव्हा वच्छलाबाईंच्या लक्षात सगळं आलं होतं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी ताईंचं मनगट धरलं.

"ताई, त्या माझ्याच गोळ्या होत्या हे नका सांगू. त्याहिले वाटते म्या मुद्दाम दुकानातून इकत आनल्या. माझ्या रोगाचं तिकडं कोनाले मालूम नाई. सोयरीक होताना आम्ही सांगतलंच नाई. आईले हाये म्हनजे पोरीलेबी होईन, असं म्हनतात लोक. आता वरून हे. माझ्या पोरीले उभ्या जन्माचं टोचतीन."

"तुमचा आजार मी कुणाला सांगत नाही," ताई म्हणाल्या. "तुमचाच नाही, कुणाचाच. पण गोळीचं नाव मला सांगावं लागेल. ते लपवलं तर बाई हाती लागायच्या नाहीत."

मंजुश्रीताईंनी भर सकाळी शटर ओढलेलं गावाने क्वचितच पाहिलं होतं. कायद्याने काउंटरवर फार्मासिस्ट हजर लागतो, आणि त्या दुकानात त्या एकट्याच फार्मासिस्ट होत्या. त्यामुळे घरची लग्नंसुद्धा त्यांनी अक्षतांपुरती गाठलेली. उद्धवराव, त्यांचे यजमान, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. ते बनियनवर पेपर वाचत बसले होते. "सदरा घाला, पिंपळगाव राजाला जायचंय," एवढं ऐकून त्यांनी चष्मा काढला आणि गाडीची किल्ली शोधायला लागले. का, हे त्यांनी गाव सुटल्यावर विचारलं.

ताईंचा निम्मा वेळ फोनवर गेला. या गोळीवर उतारा म्हणून एक इंजेक्शन असतं. ते खामगावच्या होलसेल दुकानात नव्हतं. अकोल्याच्या माणसाकडे होतं. दुपारच्या एसटीत कंडक्टरच्या हाती देतो म्हणाला. मग त्यांनी खामगावातल्या एका खाजगी दवाखान्यात फोन करून डॉक्टरांना गोळीचं नाव, किती ताकदीची, कधीपासून किती घेतली, आता काय होतंय, सगळं एका दमात सांगितलं. डॉक्टर म्हणाले, लगेच आणा, खाट ठेवतो.

फोन संपले तेव्हा गाव बरंच मागे राहिलं होतं. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या.

"तिथे काय सांगणार आहेस?" उद्धवरावांनी विचारलं.

"खरं."

"किती?"

"गोळीचं सगळं."

"आणि ती त्यांच्या घरात कशी पोचली?"

"माझ्या दुकानातून."

"वच्छलाबाईंच्या हातून."

"माझ्या दुकानातूनच त्यांच्या हातात गेली ना?"

उद्धवरावांनी समोरच्या ट्रॅक्टरला वाट दिली. "गणितात याला मधली पायरी गाळणं म्हणतात. मी मार्क कापत असे."

"कापा."

त्यांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "मंजू, तुझं नाव जाईल. वरून परवान्याची भानगड. औषधाच्या दुकानाकडे नावाशिवाय असतं काय?"

"माहीत आहे," ताई म्हणाल्या. दुकान म्हणजे काही नुसता धंदा नव्हता. पाटीवर लेकीचं नाव होतं. पण त्यांनी सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला होता. वच्छलाबाईंनी आपल्या गोळ्या वाटल्या म्हणावं, तर त्यांचा आजार उघडा पडतो. काहीच कारण सांगू नये, तर एक अनोळखी बाई दारात येऊन दवाखान्यात चला म्हणते, तिचं ऐकेल कोण? दुकानदार स्वतःची चूक सांगायला आला तर मात्र लोक ऐकतात. अशी बातमी कोणी खोटी आणत नाही.

जयमालाबाई, म्हणजे देवेशची आई, ओसरीतल्या खाटेवर आडव्या होत्या. बाई धिप्पाड, पाच गावांत आवाज पोचेल अशी. आता ओठ न हलवता बोलत होत्या, पण बोलायचं काही सोडलं नव्हतं.

"जानेफळची मेडिकलवाली?" त्यांनी ताईंना आपादमस्तक न्याहाळलं. "इतक्या दूर गोळ्या इकाले येऊन राह्यली का बाई?"

"परत घ्यायला आले," ताई म्हणाल्या. "पण तुम्ही त्या संपवल्यात."

त्यांनी खाटेजवळ बसून बॅटरीच्या उजेडात जयमालाबाईंचं तोंड पाहिलं. जीभ ठिकठिकाणी सोलली होती, गालांना आतून पांढरे व्रण होते. अंग तापलेलं होतं. तेवढ्यात देवेश मोटारसायकलवरून आला. पुष्पांजली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, आणि ताईंच्या तोंडून आता काय निघतं त्याकडे कान लावून तिने नजर जमिनीवर खिळवली.

मंजुश्रीताई उभ्या राहिल्या. "माझं जानेफळला मेडिकल आहे. तुमच्या घरी गुडघ्यासाठी म्हणून ज्या गोळ्या आल्या, त्या गुडघ्याच्या नव्हत्या. माझ्या दुकानातून चूक झाली. ती गोळी रोज घ्यायची नसते. रोज घेतल्याने यांचं तोंड आलंय, ताप आलाय, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या असणार. खामगावच्या डॉक्टरांशी मी बोलले आहे. इंजेक्शन अकोल्याहून येतंय. आत्ता निघायला हवं."

मग देवेश बोलायला लागला, आणि आधी त्याचा आवाज खालीच होता.

"मॅडम, मीबी दुकानदार हाये. फवारनीचं औषध चुकीचं देलं तर शेतकरी माझं दुकान फोडते. माझ्याजवळबी लायसन हाये. चूक झाली म्हनता? तुमच्यावर इस्वास ठेवून माझ्या सासूनं गोळ्या आनल्या. माय मेली असती तर?"

"म्हणूनच आले."

"मी सोडनार नाई. तुमचं लायसन कसं राहते ते पाहतो."

"पाहा," ताई म्हणाल्या. "पण आधी गाडी काढा."

जयमालाबाईंनी खाटेवरून हात वर केला. "मंग आता मरते का मी?"

"आज दवाखान्यात गेलात तर तशी पाळी यायची नाही. घरी राहिलात तर मला खात्रीने सांगता येणार नाही."

"सुनबाई, माझं लुगडं काढ धुतलेलं," जयमालाबाई म्हणाल्या. "दवाखान्यात या अवतारात नाई येत मी."

पुष्पांजली लुगडं आणायला वळली. जाता जाता तिने ताईंकडे एकदा पाहिलं. तिला आईने डबीतून पाठवलेल्या गोळ्या आठवत असणार, आणि आईची बोटंही. ताईंनी नजर दुसरीकडे वळवली.

खामगावात रक्ताचा रिपोर्ट आला तो ताईंनी वर्तवला तसाच होता, किंबहुना थोडा वाईटच. सलाईन लागलं. देवेश आईच्या खाटेशी बसला. ताई मात्र बसस्थानकावर जाऊन उभ्या राहिल्या. अकोल्याची गाडी उशिरा आली. कंडक्टरने सीटखालून खोकं काढून दिलं, तेव्हा त्यांनी तिथेच फलाटावर ते उघडून नाव आणि मुदत वाचली, आणि मगच रिक्षा केली. उद्धवराव नंतर सांगायचे, "त्या दिवशी तिला दोन वेळा चहा विचारला. दोन्ही वेळा 'हो' म्हणाली आणि दोन्ही वेळा तो थंड झाला."

पहिलं इंजेक्शन लागल्यावर ते दोघं परतले. पुढचे दिवस ताई दुकान उघडायच्या आधी दवाखान्यात फोन करायच्या. ताप उतरला. मग पेशी एक दिवस जागच्या जागी राहिल्या. मग वाढायला लागल्या. एका सकाळी नर्सबाई म्हणाल्या, "तुमच्या पेशंटनं आज तिखट वरण मागितलं." त्या दिवशी मंजुश्रीताईंनी पहिल्या गिऱ्हाइकाला दोनदा सुटे पैसे परत केले.

तोवर बातमी जानेफळात पोचली होती. बातमीला एसटी लागत नाही. शरयू मेडिकलनं चुकीची गोळी देली, पिंपळगावची बाई मरता मरता वाचली. काही गिऱ्हाइकं निमूटपणे मेहकरहून औषधं आणायला लागली. जी आली त्यांतली काही काउंटरवरच चष्मा लावून पाकिटावरचं नाव डॉक्टरच्या चिठ्ठीशी ताडून पाहायला लागली. एकाने तर फोटो काढून पुतण्याला पाठवला आणि त्याचा जबाब येईपर्यंत काउंटरला टेकून राहिला.

"वाचून घ्या," ताई म्हणायच्या. "चांगली सवय आहे."

एका दुपारी असंच कुणी काही टोचून बोललं. वच्छलाबाई मागे उभ्या होत्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "मी सांगते काय झालं ते," त्या पुढे सरसावल्या.

"वच्छलाबाई," ताई म्हणाल्या, "तुमचा रक्ताचा रिपोर्ट आणलात का? नाही ना. जा, आधी तो घेऊन या." आणि त्यांना दुकानाबाहेर काढलं. बाई रिपोर्ट घेऊन परत आल्या तेव्हा ते गिऱ्हाईक गेलं होतं. वच्छलाबाईंनी डोळे पुसले. ताईंनी रिपोर्ट वाचला, ठीक आहे म्हणाल्या, आणि गुरुवारची गोळी काढून दिली.

मात्र आता गोळीसोबत एक वाक्य जास्तीचं जायला लागलं. जपून घ्यायचं कुठलंही औषध असो, ताई म्हणत, "ही फक्त तुमची. वानवळ्यात द्यायची नाही." लोक हसत. हसले की लक्षात राहतं, हे ताईंना ठाऊक होतं. मंजुश्रीताईंना जाऊन आता वर्ष होईल. काउंटरमागे शरयू उभी असते आणि तेच वाक्य म्हणते. पहिले काही महिने तिला ते पूर्ण म्हणता येत नसे, आता येतं.

देवेशने तक्रार केली नाही. करीन म्हणाला होता, रागही खरा होता, पण आई घरी आली आणि पेरण्या उरकल्या, मग ते राहून गेलं. निदान सगळ्यांनी तसं मानलं.

संक्रांतीनंतर हळदीकुंकवाच्या दिवसांत जयमालाबाई सुनेला घेऊन विहिणीकडे निघाल्या. वाटेत त्यांनी गाडी शरयू मेडिकलपुढे थांबवायला लावली. बाई दुकानाच्या दोन पायऱ्या चढल्या त्या कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकत. पुष्पांजली मागे होती. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. ती जरा सरकली.

"ओळखलं का?" जयमालाबाई बाकावर बसल्या. "तुमची चुकीची गोळी खाल्लेली."

"ओळखलं," ताई म्हणाल्या. "तोंड आता कसं आहे?"

"हे पाहा, बोलतेच हाये." मग त्यांनी आवाज उतरवला. त्यांचा उतरवलेला आवाजही रस्त्यापर्यंत जाईल असा होता, पण त्यांच्या परीने तो उतरवलेलाच. "बाई, एक इचारते. खरं सांगजा. तुम्हीच चुकल्या होत्या का?"

पुष्पांजली दारात थबकली. ताईंनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"दुकान माझं आहे," त्या म्हणाल्या. "गोळी माझ्या दुकानातली. जे सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नव्हतं. चूक माझीच."

जयमालाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं, आणि परत ताईंकडे. त्यांना काय कळलं आणि काय नाही, हे त्यांनी पुढेही कधी कुणाला सांगितलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "हाव. असंच असन." मग बाकी गिऱ्हाइकांकडे वळून, आता आपल्या नेहमीच्या आवाजात, "मी काय म्हनते, चूक कोनाच्या हातून होत नाई? पन चूक सांगाले गाडी करून घरी येनारी दुकानदारीन पाह्यली का तुम्ही? माझ्या पोराचं दुकान हाये. मले मालूम हाये दुकानदार किती सांगतात ते."

पुतण्याला फोटो पाठवणारा गृहस्थ तिथेच होता. त्याने आपल्या गोळ्यांचं पाकीट फोटो न काढता खिशात घातलं.

"आता मले सांगा," जयमालाबाई म्हणाल्या, "गुडघ्याचं काय?"

या सगळ्यात गुडघा तसाच राहिला होता. विष उतरलं, पेशी वाढल्या, दवाखाना झाला, आणि ज्याच्यापायी सगळं सुरू झालं तो गुडघा कुणी पाहिलाच नव्हता. ताईंनी विचारायला सुरुवात केली. कधीपासून दुखतो, चढताना जास्त की उतरताना, रात्री दुखतो का, सूज येते का. जयमालाबाईंनी एकाही प्रश्नाला कंटाळा केला नाही.

"हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, खामगावातच," ताई म्हणाल्या. "एवढ्यासाठी इकडे यायची गरज नाही. गोळी मी आज देत नाही. त्याआधी एक व्यायाम शिकवते."

"गोळी नाई?"

"नाही."

"मेडिकल हाये ना हे?"

"तेच तर," ताई म्हणाल्या. त्यांनी काउंटरची फळी उचलली, बाहेर आल्या आणि जयमालाबाईंच्या शेजारी बाकावर बसल्या. साडी आवरून त्यांनी उजवा पाय समोर ताठ केला, टाच पुढे, बोटं आपल्याकडे ओढलेली. "असा. मांडी आवळायची. दहापर्यंत म्हणायचं. मग हळूच खाली. आपटायचा नाही."

जयमालाबाईंनी पाय उचलला. तो थरथरला आणि अर्ध्यातच खाली आला.

"परत," ताई म्हणाल्या. "मी पण करते. म्हणा, एक."

"एक," जयमालाबाई म्हणाल्या.

"मॅडम, माझी शुगरची गोळी," मागून कोणीतरी म्हणालं.

"थांबा थोडं," ताई म्हणाल्या, "दोन," आणि पाय तसाच ताठ धरून राहिल्या.